रामघाटचं चार पायांचं औषध

काशीत गाद्या पुष्कळ झाल्या. राजांच्या झाल्या, महंतांच्या झाल्या, पंडितांच्या झाल्या. त्यांच्यावरून खटले चालले, डोकी फुटली, आणि एकेका गादीची आठवण म्हणून एकेक घाट बांधला गेला. पण मित्रांनो, मी छातीठोकपणे सांगते: त्या सगळ्या गाद्यांवर मिळून माणूस जितका खोटा बसला, तितकाच तो माझ्यावर खरा बसला. एक अपवाद सोडला, तर माझ्यावर बसून कोणी ऐट केली नाही, निवाडा दिला नाही, समोरच्याला ताटकळत उभं ठेवलं नाही. याचं कारण माझ्या अंगच्या थोरवीत शोधू नका. माझ्या बैठकीच्या मधोमध एक भोक आहे आणि त्याच्याखाली एनॅमलचं भांडं.

मी आजाऱ्याच्या खोलीतली कमोडची खुर्ची आहे. आता जुनी झाले आहे. ज्यांना नाकाला रुमाल लावायचा असेल त्यांनी खुशाल लावावा. मी असले रुमाल पुष्कळ पाहिले आहेत, आणि रुमालामागची नाकं पुढे म्हातारी होऊन माझ्याकडेच आलेलीही पाहिली आहेत.

माझा जन्म लंकेत झाला. दचकू नका. बनारसला विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या वस्तीला लंका म्हणतात, आणि तिथे राक्षस राहत नाहीत, औषधांची दुकानं आहेत. एका मिस्त्रीने लोखंडी नळ्या वाकवून माझे हातपाय केले, दुसऱ्याने आंब्याच्या फळीची बैठक बसवली, वर एक चौकोनी झाकण दिलं, आणि मला पांढरा रंग फासून दुकानाबाहेर मांडलं. शेजारी कुबड्या होत्या, कमरेचे पट्टे होते आणि एक चाकाची खुर्ची होती. ही चाकाची खुर्ची सदा नाक वर करून असायची. का, तर ती ‘मान्य’ होती.

मान्य म्हणजे काय, ते सांगते. सरकारी नोकर आजारी पडला, किंवा त्याच्या जिवावर जगणारं घरचं माणूस आजारी पडलं, की त्या खर्चाची बिलं तो कचेरीला देतो. कचेरी त्यातलं काही मान्य करते, काही करत नाही. कोणतं का, हे एका नियमपत्रकात असतं, आणि ते पत्रक लिहिणारा गृहस्थ जन्मात कधी आजारी पडला नसावा असा माझा दाट संशय आहे. ताप उतरवणारी गोळी मान्य, ताप मोजणारा थर्मामीटर अमान्य. मोडक्या हाताचं प्लास्टर मान्य, पण तोच हात गळ्यात अडकवायची झोळी अमान्य, कारण झोळी कापडाची आणि कापड म्हणजे कपडे. पाय कापला तर लाकडी पाय मिळेल, पण आहे तो पाय टेकायला काठी मागाल तर मिळणार नाही. आधी पाय पुरता घालवा, मग बघू. चष्मा आणि कवळी ही चैन. खोकल्याचं औषध मान्य, पण ते चवीला बरं निघालं तर टॉनिक, आणि टॉनिक अमान्य. माझ्यासारखीचं तर नावसुद्धा त्या पत्रकात नव्हतं. पलंगावर द्यायचं शौचाचं भांडं होतं, मी नव्हते. आडव्या माणसाची अडचण कचेरीला मान्य होती. बसून करू पाहणाऱ्याची नव्हती.

मला न्यायला आला तो रत्नाकर. रामघाटच्या एका वैदिक घराण्यातला एकुलता एक मुलगा, आणि सरकारी कचेरीत कारकून. गरीब स्वभावाचा. साहेबाने शिंकरलं तरी हा ‘हो साहेब’ म्हणेल. दुकानदाराने त्याला आपुलकीने विचारलं, "बिल में का लिखें, बाबू? कमर का पट्टा लिख दें? चुपचाप पास हो जाई."

"नहीं नहीं. जो है, वही लिखिए."

"तब त हो चुकल पास," दुकानदार म्हणाला, आणि त्याने खरं तेच लिहिलं.

रामघाटच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बैल आला तर माणसाने कोणाच्या तरी ओसरीवर चढून वाट द्यावी. त्यामुळे मला अस्सी घाटावरून नावेने न्यायचं ठरलं. रत्नाकरबरोबर त्याची बायको नंदा आली होती. तिने मला नखशिखान्त पाहिलं, स्वतःच्या लग्नातली लाल शाल काढली आणि माझ्यावर पांघरली.

"घाटावरून उघडी नेलीत, तर संध्याकाळपर्यंत पंचगंगा घाटापर्यंत बोभाटा होईल," ती म्हणाली.

आम्ही निघालो. प्रवाह नावेला नेत होता आणि मी मधोमध लाल शालीत बसले होते. दशाश्वमेधाला दोन बायांनी हात जोडले. मणिकर्णिकेला एका बुवाने पाण्यातूनच डोकं लववलं. नावाड्याने वल्हं थांबवून विचारलं, "का बाबू, केकर गद्दी हौ?"

रत्नाकरने नंदाकडे पाहिलं. नंदा गंगेकडे पाहत होती.

"महाराज की," रत्नाकर म्हणाला. कोणत्या महाराजांची, ते नावाड्याने विचारलं नाही. या शहरात ते कोणी विचारत नाही.

रामघाटला त्या घरात ढुंढिराजशास्त्री होते. रत्नाकरचे वडील, घरात सगळे त्यांना नाना म्हणत. यजमानांची श्राद्धं-पक्ष करण्याचा पिढीजात व्यवसाय, वेद मुखोद्गत, आणि सोवळं इतकं कडक की स्वतःच्या सावलीचाही त्यांना थोडा संशय येत असावा. त्यांची बायको शरदिनीबाई कार्तिकस्नानाला गेली असताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं की उकिडवं बसायचं नाही. आता त्या घरातला संडास पूर्वजांनी बांधलेला, दोन विटांचा. तिथे उकिडवं न बसता काय करता येतं, हे पूर्वजांनी सांगून ठेवलेलं नव्हतं.

नानांनी मला दारातच अडवलं. शालीचं टोक काठीने उचलून खाली पाहिलं आणि टोक सोडून दिलं.

"हे काय आणलंस?"

"आईसाठी, नाना. औषधच समजा."

"मी समजून काय होतंय? औषधाला विटाळ नाही, हे मलाही कळतं. पण ही खुर्ची आहे. कसली, ते मी तोंडाने बोलत नाही. तुझं सरकार हिला औषध म्हणेल त्या दिवशी येऊ दे उंबऱ्याच्या आत. तोवर देवडीत राहील."

साऱ्या जन्मात या माणसाने सरकारचा एक शब्द प्रमाण मानला नव्हता. घड्याळ पुढे-मागे असेल म्हणून रेडिओची वेळसुद्धा ते पंचांगाशी ताडून बघत. नेमका हाच एक शब्द त्यांना प्रमाण मानायचा होता.

"आणि तोवर आईंनी काय करायचं?" नंदाने विचारलं.

"इतकी वर्षं करत होती तेच," असं म्हणून नाना स्नानाला गेले. जाताना माझं झाकण, जे नावेतून उतरवताना वेगळं होऊन भिंतीला टेकून उभं होतं, ते त्यांनी उचललं, उलटसुलट करून पाहिलं, ‘बरा पाट आहे’ म्हणाले आणि आत घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून ते त्याच्यावर बसून संध्या करू लागले. मित्रांनो, मी बाहेर आणि माझं झाकण देवासमोर. शास्त्र म्हणतात ते हेच असावं.

मी देवडीत उभी राहिले. तिथून चौकापलीकडची शरदिनीबाईंची खोली सरळ दिसायची आणि त्यांना मी दिसायचे. नावाड्याने ‘महाराजांची गादी’ आल्याची बातमी कधीच पोचवली होती. येणारी-जाणारी माणसं लाल शाल पाहून हात जोडू लागली. कोणी झेंडूची फुलं ठेवली, कोणी कडेला उदबत्ती खोचली. नानांना हे दिसत होतं, पण ‘अहो, ते तसलं नाही’ असं म्हणायचं, तर ते कसलं आहे हे सांगावं लागलं असतं. म्हणून ते फुलांकडे पाठ करून चालत.

आणि आत शरदिनीबाईंनी पाणी सोडलं.

आधी रात्रीचं जेवण सोडलं. मग दुपारचंही नावाला. मग पाणी, तोंड ओलं होण्यापुरतं. उन्हाळा चढत होता, गल्लीत झळा येत होत्या, आणि ही बाई ओठांवरून ओला बोळा फिरवून घेत होती. बालाजी घाटावर नाना अभिमानाने सांगत, "हिने निर्जळ धरलंय." मग काय, शेजारपाजारच्या बायका पाया पडायला येऊ लागल्या. एकीने नारळ आणला. एकीने मुलीच्या लग्नाचं साकडं घातलं.

नंदा एकदा चिडून म्हणाली, "आई, कसलं व्रत हे? कोणत्या देवाचं?"

शरदिनीबाई हसल्या. ओठ फाटले होते, जपून हसल्या. "देवाचं कसलं गं? दोन घोट प्यायले, की दोघांनी धरून न्यावं लागतं. एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला रत्नाकर. मुलासमोर... नको. त्यापेक्षा तहान बरी."

डॉक्टर येऊन गेले. जीभ पाहिली, कातडी चिमटीत धरून पाहिली, आणि देवडीत माझ्याशेजारी उभं राहून रत्नाकरला म्हणाले, "पानी नहीं पिएँगी, तो किडनी जाएगी. फिर मुझे मत बुलाइए."

रत्नाकरने माझं बिल दिलं होतं. ते परत आलं. शेरा होता: फर्निचर. पाठ आहे, हात आहेत, चार पाय आहेत, तेव्हा फर्निचर. रत्नाकरने अर्ज केला. लखनौच्या विभागीय कचेरीतून उत्तर आलं की साहेब स्वतः काशीला येऊन वस्तूची प्रत्यक्ष पाहणी करतील.

एका खुर्चीसाठी लखनौहून साहेब! रत्नाकर हरखून गेला. नंदाने मात्र चौकशी केली. साहेबांना वडिलांचं तीर्थश्राद्ध करायचं होतं, आणि ते सरकारी भत्त्यावर करायचं तर काशीत काहीतरी सरकारी काम हवं होतं. ते काम मी. मला माझ्या आयुष्यात इतका मान पुन्हा मिळाला नाही.

साहेबांचं नाव प्रल्हादराव. मूळचे नागपूरकडचे, रुंद अंगाचे, आणि बसताना नेहमी आधी एका कुशीवर टेकून, डोळे मिटून, मग दुसरी कूस हळूच सोडणारे. मूळव्याध. हवा भरायची रबरी चकती ते बरोबर बाळगत. तिचं बिल त्यांनी स्वतःचं स्वतः मान्य केलं होतं, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. ती चकती त्या दिवशी आगगाडीत राहिली.

सकाळी घाटावर नानांनीच ते श्राद्ध चालवलं. तापलेल्या दगडावर मांडी घालून बसायचं, म्हणजे साहेबांचे काय हाल झाले असतील ते ओळखा. पिंड दिले ते त्यांनी घाईनेच दिले. घाटाच्या पायऱ्या चढून ते जेवायला नानांच्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला होता.

"शास्त्रीबुवा, गाडीतही बसवत नव्हतं, घाटावर तर जीवच गेला," ते मोठ्याने म्हणाले, आणि समोर त्यांना मी दिसले. लाल शाल. झेंडूची फुलं. उदबत्ती.

"अरे वा! आमच्यासाठी एवढं?" त्यांनी फुलं बाजूला सारली आणि सवयीने आधी एका कुशीवर टेकले. मग डोळे मिटून दुसरी कूस सोडली.

मित्रांनो, मी माणसांना फारशी किंमत देत नाही. पण त्या क्षणी त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी काशीविश्वनाथाच्या दारातून परतणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही क्वचित पाहिलं आहे. जिथे दुखायचं तिथे टेकायला काहीच नव्हतं. शाल थोडी खाली गेली, साहेब थोडे खाली गेले, आणि ‘हाऽऽ’ करून थांबले.

"मी इथेच जेवेन," ते म्हणाले. "पाटावर नको."

रत्नाकर ‘हो साहेब’ म्हणाला. स्टूल आलं, ताट आलं, खीर आली, वडे आले. ज्या वस्तूच्या वाऱ्याला नाना उभे राहत नव्हते, तिच्यावर बसलेल्या यजमानाला त्यांनी स्वतःच्या हाताने आग्रह करून वाढलं. वडे वाढताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. एक वडा खाली पडला.

जेवण झालं. साहेब ताक प्यायले, तृप्त होऊन त्यांनी पोटावर हात फिरवला आणि म्हणाले, "हं. आता ती खुर्ची दाखवा. एकदा पाहून टाकतो, म्हणजे सरकारी काम झालं."

रत्नाकर खिरीच्या वाटीत बघत होता. नाना आढ्याकडे बघत होते.

"तिच्यावरच बसला आहात, साहेब," नंदा म्हणाली. तिच्या हातात अजून पळी होती.

साहेब उठले नाहीत. उठावं असं त्यांना वाटलं, पण अंग ऐकेना. "ही? अहो, ही तर गादी आहे! फुलं होती हिच्यावर."

"फुलं लोकांनी वाहिली. भोक पहिल्यापासूनचं आहे."

साहेबांनी शालीखाली हात घालून खात्री केली. मग त्यांचं डोकं चालू लागलं, आणि कचेरीतलं डोकं एकाच दिशेने चालतं. मी औषधाची वस्तू ठरले, तर साहेब आजारी बाईच्या शौचाच्या भांड्यावर बसून जेवले असं ठरत होतं. मी खुर्ची ठरले, तर पाहुण्याला खुर्ची दिली, इतकंच.

"हे फर्निचरच आहे," ते ठामपणे म्हणाले. "माणूस औषधावर बसून जेवतो का?"

"बरोबर आहे, साहेब," रत्नाकर म्हणाला.

"बरोबर," नाना म्हणाले. बाप-लेकांचं एकमत झालेलं त्या घराने त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात चौकापलीकडून आवाज आला. कोरडा, घशात अडकत येणारा. "साहेब, अहो साहेब."

"कोण?"

"मी. जिच्यासाठी ती आणली ती. गाडीत बसवत नव्हतं म्हणालात ना?"

"हो, म्हणालो."

"घाटावर जीव गेला म्हणालात."

"हो."

"आता कुठे दुखतंय?"

साहेबांनी प्रामाणिकपणे अंगाचा अदमास घेतला. "नाही हो, आजी. काहीच नाही."

"थोडं? ठणका वगैरे?"

"मुळीच नाही."

"मग औषध नाही तर काय आहे ते? नैवेद्य?"

माणसाच्या डोक्याला जे पटत नाही ते कधी कधी त्याला खालून पटतं. साहेब तसेच बसून राहिले. बसले, हे महत्त्वाचं. शेवटी म्हणाले, "औषध म्हणता येईल. तत्त्वतः."

"तत्त्वतः म्हणजे?" नानांनी लगेच विचारलं. शब्दाला धरण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

"म्हणजे नमुना लखनौला दाखवावा लागेल. वरिष्ठ बघतील, अभिप्राय देतील. वर्ष-सहा महिने. मी आजच बरोबर नेतो ना!" त्यांचा चेहरा उजळला. "गाडीत हिच्यावरच बसून जाता येईल."

"हो साहेब. मी बांधून देतो," रत्नाकर म्हणाला, आणि सुतळी शोधू लागला.

मित्रांनो, जगात मूर्ख असतात, दुष्ट असतात, पण मला खरा तिटकारा आहे तो सुतळी शोधणाऱ्यांचा.

"नंदा," आतून आवाज आला. "तिला आत आण."

नंदाने पळी खाली ठेवली. "साहेब, जरा उठता?" हे तिने इतक्या आदराने विचारलं की साहेब उठले. तिने मला दोन्ही हातांनी उचललं. शाल गळून पडली, राहिलेले झेंडू देवडीभर पसरले.

"अगं, थांब! अजून तत्त्वतःच..." नाना ओरडले.

तिने मला उंबऱ्यापलीकडे नेलं, चौक ओलांडला, खोलीत ठेवलं, भांडं सरकवलं आणि दाराला आतून कडी लावली. शरदिनीबाईंना उठायला वेळ लागला. मग त्यांनी माझे हात धरले. दोन्ही बाजूंना मी होते. रत्नाकर नव्हता.

देवडीत तीन पुरुष उभे होते. पुढे त्यांना जे ऐकू आलं ते मी सांगत नाही. भांडं एनॅमलचं होतं आणि रिकामं होतं, एवढं ध्यानात घ्या.

त्यानंतर लखनौच्या नमुन्याचं नाव साहेबांनी काढलं नाही. रत्नाकरने सुतळी खिशात घातली. ज्या विटाळाने मला दाराबाहेर उभं केलं होतं, त्याच विटाळामुळे आता मला हात लावायला कोणी धजेना. मी त्या बाईची झाले ती कायमची. एवढं कडक सोवळं जन्मात एकदा तरी उपयोगी पडलं.

कडी निघाली. शरदिनीबाईंचा आवाज आला, "नंदा, लोटाभर पाणी आण. भरून आण."

त्या ते एका दमात प्यायल्या. हनुवटीवरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाल्या, "आणखी एक."

पाया पडायला येणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांची घोर निराशा झाली. शरदिनीबाई वरणभात खात होत्या.

बिलाचं म्हणाल, तर कचेरीने पूर्ण विचारान्ती निर्णय कळवला: भांडं मान्य, खुर्ची अमान्य. भांडं हवेत कसं धरायचं, याविषयी मौन होतं.

मी शरदिनीबाईंची पुष्कळ वर्षं सेवा केली. त्या गेल्यावर मला गच्चीवर टाकलं. रामघाटची माकडं माझ्यावर बसत, आणि खरं सांगायचं तर साहेबांपेक्षा शिस्तीने बसत. पावसाने माझा रंग गेला, पाय गंजले, कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका हिवाळ्यात नानांचे गुडघे गेले. ते बोलले नाहीत, मानी माणूस. फक्त चहा कमी केला, मग पाणी कमी केलं. नंदाने ओळखलं. ती गच्चीवर आली, मला घासूनपुसून खाली घेऊन गेली आणि त्यांच्या खोलीत ठेवलं.

नाना भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सरकारने औषध म्हटलंय ना हिला?"

"तत्त्वतः," नंदा म्हणाली, आणि देवासमोरचा पाट उचलून आणून माझ्यावर बसवला. तो चपखल बसला. नानांनी पाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आपण इतकी वर्षं कशावर बसून संध्या केली ते त्यांना कळलं. त्या दिवसापासून त्यांचं सोवळं जरा सैल झालं, असं घरातले म्हणतात.

तर मित्रांनो, माझं सांगून झालं. म्हाताऱ्या माणसांचा मान राखा, त्यांची तहान ओळखा, नियमांच्या पलीकडे बघायला शिका, असा उपदेश आता मी करावा अशी रीत आहे. पण मी तुम्हाला ओळखून आहे. तुम्ही मान डोलवाल आणि जाल. तेव्हा तेवढं सगळं राहू द्या. फक्त उठलात की झाकण लावत जा.